फलाफलमीमांसा

महसूल खात्यात उमेद खर्ची घातलेल्या माणसापुढे एखादा पदार्थ आला, की तो चवीला कसा आहे या प्रश्नाआधी तो कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो. आणि सातबाऱ्यावर मालक म्हणून एकाचे नाव असावे व चिखलात उभे राहून जमीन कसणारा भलताच असावा, हा जो प्रकार आम्ही दप्तरोदप्तरी पाहिला, तोच गृहस्थाश्रमातील यच्चयावत व्रतांच्या बाबतीतही आढळतो, असे माझे नम्र परंतु अनुभवसिद्ध मत आहे. चातुर्मासात कांदालसूण वर्ज्य करतो घरातला कर्ता पुरुष. दोन प्रकारचा स्वयंपाक निस्तरते त्याची बायको. एकादशी त्याची, आणि साबुदाणा रात्री आठवणीने भिजत घालायचा तिने. व्रतांची ही जमीनदारी पिढ्यानपिढ्या निर्वेध चालू असता गेल्या श्रावणात आमच्या घरी एक नवीन व्रत दाखल झाले. आमचा धाकटा पुतण्या, जो नोकरीनिमित्त आमच्याकडे वसईस राहतो आणि रोज विरार लोकलने अंधेरीस जाऊन येतो, त्याने आपण आजपासून व्हीगन झाल्याचे जाहीर केले, आणि जाहीर करून तो जेवायला बसला.

मुंबई राज्यात कुळवहिवाटीचा कायदा १९४८ साली झाला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारे कूळ हेच जमिनीचे मालक मानण्यात आले. परंतु हे तत्त्व आमच्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचायला त्यापुढे साठाहून अधिक वर्षे लागली. पुतण्याने चौथ्या दिवशी फलाफल नामक पदार्थाची मागणी नोंदवली, तेव्हा सौभाग्यवतींनी हातातला झारा खाली ठेवून एका वाक्यात निवाडा दिला. “कसेल त्याची जमीन, तर वाटेल त्याचं व्रत,” त्या म्हणाल्या, “मिक्सर तिथे आहे.” या निवाड्यावर अपील चालत नाही. सबब प्रस्तुत मार्गदर्शन मी त्याच्याकरिता, आणि ज्यांचे तत्त्व स्वतःचे व मिक्सर काकूचा आहे अशा वसई तालुक्यातील समस्त तरुणांकरिता, लिहिण्यास घेतले आहे.

प्रथम पात्रतेचा विचार. व्हीगन म्हणजे केवळ शाकाहारी नव्हे. १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी या पंथाची संस्था स्थापन केली. तदनुसार मांसमत्स्य तर नाहीच, पण दूध, दही, ताक, लोणी, तूप आणि मध, म्हणजे ज्या ज्या वस्तूसाठी जनावराला वा माशीला तसदी द्यावी लागते, ती प्रत्येक वस्तू वर्ज्य ठरते. आपल्या सरकारनेही २०२२ साली व्हीगन खाद्यपदार्थांसाठी स्वतंत्र विनियम काढून वेष्टनावर छापावयाचे बोधचिन्ह मुक्रर केले असल्यामुळे प्रकरण आता सरकारदरबारी रीतसर रुजू झाले आहे, आणि त्याविरुद्ध कुरकुर करण्यात काही हशील नाही. तरी मी करतो. ज्या गावात पाचूबंदरचे ताजे बोंबील दारात येतात, त्या गावात राहून एका सुदृढ तरुणाने टोपलीकडे पाठ फिरवून बसावे, आणि कोळणीने मला हळूच ‘पोराला बरं नाही का’ म्हणून विचारावे, हे मला अजून सवयीचे झालेले नाही.

आता पदार्थाच्या मालकीकडे वळू. मिसर देशात हे वडे बाकल्याचे करतात व त्यांस ताअमिया म्हणतात. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन या मुलखांत ते काबुली चण्याचे करतात. आणि वहिवाट कोणाची, यावर त्या बाजूला इतका तीव्र तंटा आहे, की २००८ साली लेबनॉनच्या उद्योजकांच्या संघटनेने, इस्राएल आमचे हुमुस-फलाफल आपले म्हणून जगात खपवतो, अशी जाहीर हरकत घेतली होती. आपण ज्याचे फलाफल करणार, तो मसूर या खटल्यात कोठेच नाही. तो फार तर पोटकूळ. परंतु या तंट्यात मराठी माणसाचा काही संबंध पोहोचत नाही, असे मात्र कोणी समजू नये. अलिबागेकडची आमची बेने इस्राएल मंडळी, ज्यांना कोकणात शनवार तेली म्हणत, ती १९४८ नंतर मोठ्या संख्येने तिकडे गेली. दिमोना, लोद, रामला, अश्दोद अशा गावांत वसली. आणि कोपऱ्यावरच्या दुकानात फलाफल खाऊन घरी येताच मराठीत भांडण्याचा परिपाठ त्यांतल्या कित्येक घरांनी चालू ठेवला. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्या देशातून निघाले. याच मंडळींनी, मांसाबरोबर दूध चालत नाही या आपल्या धर्मनियमामुळे, नारळाच्या दुधावर अख्खी पाकपरंपरा उभी केली होती. म्हणजे गाईम्हशींवाचून कसे भागवावे याचे शिक्षण वॉटसनसाहेबांच्या कितीतरी आधी कोकणात सुरू झालेले होते. पुतण्याला हे सांगितले, तेव्हा त्याने ते मोबाइलमध्ये टिपून घेतले. माझे एखादे वाक्य घरात कोणी टिपून घेण्याची ही पहिलीच वेळ.

शेजारचे एक सद्‌गृहस्थ, जे वडापाव खाल्ल्यावाचून गाडीत चढत नाहीत, त्यांनी या पदार्थावर तो परदेशी असल्याचा आक्षेप घेतला. त्यांच्या माहितीसाठी नमूद करतो, की १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजीअप्पांनी किल्ला घेईपर्यंत, या वसईत पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि त्यांच्या वडापावातला बटाटा, त्यातली मिरची व भोवतालचा पाव या तिन्ही वस्तू त्याच फिरंग्यांच्या गलबतांच्या काळात या किनाऱ्याला लागल्या. मसुराची गोष्ट निराळी. तो मूळचा पश्चिम आशियातला, म्हणजे फलाफलच्याच मुलखातला, हे खरे. परंतु नर्मदाकाठी नावडातोलीस डॉ. ह. धी. सांकलिया यांनी उत्खनन केले, तेथल्या ताम्रपाषाणयुगीन घरांत मसुराचे दाणे मिळाले. सुमारे साडेतीन हजार वर्षांचा रहिवास ज्याच्या नावे दाखल आहे, त्याच्याकडे वास्तव्याचा दाखला मागणे मामलेदारालाही शोभणार नाही.

साहित्य चार माणसांपुरते सांगतो. पाव किलो अख्खा मसूर घ्यावा. अख्खा म्हणजे तपकिरी सालीसकट. केशरी रंगाची मसूर डाळ नव्हे. हा भेद मी येथे मुद्दाम लिहितो, कारण ज्याला मध आणि साखर यांतील नैतिक अंतर अर्धा तास समजावून देता येते, तोच तरुण रात्री अकरा वाजता डब्यांपुढे उभा राहून “काकू, यातला मसूर कुठला?” असे विचारतो. डाळीचे फलाफल होत नाहीत असे नाही, पण साल निघालेली असल्याने ती दोन तासांत भिजून गळते, वाटताना तिचा लगदा होतो आणि मग तो सावरायला बेसन घालत बसावे लागते. अख्ख्या मसुराची साल वाटणाला खरखरीतपणा देते आणि तळल्यावर कड कुरकुरीत करते. मसूर ताटात पसरून निवडावा. खडा दाताखाली आला, तर तत्त्व शिल्लक राहते, दाढ राहत नाही.

भिजवण्याची मुदत आठ तास. मसुराच्या तिप्पट पाणी घालावे, कारण तो फुगून वजनाने दुपटीच्या आसपास जातो आणि वरचे दाणे उघडे पडले, की तेवढेच कोरडे राहतात. ग्रंथांतरी ‘रात्रभर भिजवावे’ इतकेच लिहिलेले असते. ते ग्रंथकार वसई-विरारच्या हद्दीत राहत नसावेत. आमच्याकडे मसूर केव्हा भिजवायचा हे नळ ठरवतो. ज्यांच्या इमारतीत पाणी पहाटे येते त्यांनी पहाटे भिजत घालून दुपारी वाटावा. ज्यांच्याकडे रात्री येते ते भाग्यवान. आणि ज्यांच्याकडे टँकर येतो त्यांनी आधी टँकर आल्याची खातरजमा करावी, मग मसुराला हात लावावा. उन्हाळ्यात आठ तासांहून अधिक भिजवल्यास पाण्याला फेस येऊन आंबूस वास सुटतो. मधे एकदा पाणी बदलल्यास हे टळते. दाणा नखाने दाबला असता सहज तुटावा आणि मध्ये पांढरा कोरडा ठिपका दिसू नये.

शिजवू नये.

हा नियम एकट्याने उभा केला आहे, कारण या पदार्थाचे नव्वद टक्के अपघात याच ठिकाणी होतात. कच्च्या भिजल्या कडधान्यातले पिष्ट कढईतल्या उष्णतेने फुलते, दाण्याला दाणा धरते आणि वडा आतून हलका ठेवते. ते आधीच कुकरमध्ये फुलवून ठेवले, तर कढईत धरायला काही उरत नाही, वडा तेलात विरतो आणि तेलात तरंगणारे पिठले बाहेर काढण्याची वेळ येते. आमच्या आया वाटल्या डाळीचे वडे करीत, तेव्हा कच्चीच डाळ वाटीत. त्यांना पिष्टाचे शास्त्र कोणी शिकवले नव्हते, आणि त्यांच्या वड्यांनी कधी तेल सोडले नाही. मात्र हा प्रयोग राजम्यावर करू नये. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारे द्रव्य असते, आणि ते खळखळून उकळल्यावाचून जात नाही.

भिजलेला मसूर चाळणीत अर्धा तास निथळावा आणि नंतर कोरड्या पंच्यावर पसरावा. माझा पंचा घेऊ नये.

वाटणे हे या कृतीचे हृदय. भांडे कोरडे हवे, पाणी थेंबभरसुद्धा घालायचे नाही, आणि मसूर एकदम न कोंबता दोन-तीन हप्त्यांनी घ्यावा. मिक्सर सलग फिरवू नये. क्षणभर फिरवावा, थांबवावा, झाकण उघडून कडेचे वाटण चमच्याने खाली ओढावे, पुन्हा क्षणभर फिरवावा. जाडसर रव्याइतके बारीक झाले, की थांबावे. मधूनमधून अर्धा दाणा दिसला तरी हरकत नाही. मूठभर वाटण तळहातात दाबले असता गोळा बसला पाहिजे आणि बोटांवर पाणी दिसता कामा नये. या कामाला लागणारा संयम तरुणांत कमी आढळतो. ते बटण दाबून ठेवतात व दुसऱ्या हाताने मोबाइल पाहतात, आणि मग जे निघते त्याचे डोसे घालावे लागतात. खरे तर पाटा-वरवंट्यावर हे वाटण फार सुरेख होते. आमच्या मागल्या बाजूला पाटा आहे, पण तो मागितला असता सौभाग्यवती म्हणाल्या, “तो चटणीचा आहे.” पाट्यांचे असे वर्गीकरण असते, हे मला इतक्या वर्षांच्या संसारात ठाऊक नव्हते, आणि ते खरे आहे की आयत्या वेळी केले गेले, याची चौकशी करण्याची माझी प्राज्ञा नाही.

वाटताना वीज गेल्यास वाट पाहावी.

मसाल्याचे प्रमाण असे : लसणीच्या सहा-सात पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, दोन चमचे धणे व एक चमचा जिरे कोरडे भाजून भरडलेले, चमचाभर तीळ, एक मध्यम कांदा अगदी बारीक चिरून हाताने घट्ट पिळलेला. पिळलेला हा शब्द वाचून पुढे जाऊ नये. तो करून दाखवावा. मूळ कृतीत पार्सली नावाचा पाला सांगितलेला असतो. तो पापडीच्या बाजारात शोधत हिंडण्याचे कारण नाही. वाडीतून पहाटे काढलेली, मुळाला अजून ओली माती असलेली कोथिंबीर घेऊन बसलेल्या मावशीकडून एक मोठी जुडी घ्यावी, थोडा पुदिना घ्यावा, आणि भाव करू नये. पाला धुतल्यावर पुरता सुकवून मगच चिरावा, आणि हात आखडता न घेता घालावा. तोडल्यावर वडा आतून हिरवा दिसणे, ही त्याची खूण आहे. पुतण्या प्रत्येक जिन्नस ग्रॅममध्ये मागतो. काकू चिमटीने सांगते. या दोन मोजमापांचा मेळ घालण्यासाठी त्याने एक छोटा वजनकाटा विकत आणला, काकूची चिमूट त्यावर तीन वेळा तोलली, आणि तिन्ही वेळा काटा एकाच आकड्यावर थांबला. त्या दिवसापासून तो ग्रॅमचे नाव काढत नाही.

दोन चमचे बेसन घालून मिश्रण अर्धा तास शीतकपाटात ठेवावे, म्हणजे ते आळते. मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा मात्र तळण्याच्या ऐन वेळेस घालावा. मीठ आधी पडले, की कांदा पाणी सोडतो, आणि इतका वेळ पंच्याने टिपलेली ओल पुन्हा हजर होते. मग लिंबाएवढे गोळे करून किंचित चपटे करावेत. पुतण्याचे गोळे सगळे एका मापाचे होतात, ताटात रांगेने बसतात. हे त्याने बापाकडून घेतले. माझा थोरला भाऊ दिवाळीचा कंदील करताना कागदाची प्रत्येक पाकळी पट्टी लावून कापी, आणि एखादी तिरकी गेली तर सगळा कंदील उकलून पुन्हा बांधी, आम्ही हसायचो. मुलगा ताटावर वाकतो तेव्हा मी वर्तमानपत्र खाली ठेवतो, एवढेच.

आता तेलाची कैफियत. ज्या घरात एक व्यक्ती व्हीगन आणि उरलेले आम्ही आहोत, तेथे कढईतल्या तेलाचा पूर्वेतिहास तपासून घेणे अगत्याचे ठरते, कारण काल ज्या तेलात बोंबील तळले गेले, त्याच तेलात आज तत्त्व तळता येत नाही. तेल नवे घ्यावे. शेंगदाण्याचे असल्यास उत्तम. लहान, खोल कढई घ्यावी, म्हणजे कमी तेलात वडा बुडतो. आच मध्यम. थर्मामीटर असणाऱ्यांनी १७५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहावे. इतरांनी मिश्रणाचा वाटाण्याएवढा कण सोडून पाहावा. तो तळाशी बसून राहिला तर तेल थंड आहे व वडे तेल पितील. पडताक्षणी काळवंडला तर ते बाहेरून करपून आत कच्चे राहतील. बुडबुड्यांसकट सावकाश वर आला, तर कामास मंजुरी आहे. एका वेळी पाच-सहाच सोडावेत आणि पहिले मिनिटभर झारा लावू नये. खाली कड धरण्यापूर्वी उलथण्याची जी घाई होते, तिने निम्मे वडे फुटतात. चार-पाच मिनिटांत गडद तपकिरी रंग येतो. पहिला वडा मोडून आत कच्चा नाही ना हे पाहावे, आणि तो पाहणाऱ्याने खावा. ही माझी एकमेव अधिकृत जबाबदारी असून मी ती आजवर कोणावर सोपवलेली नाही.

सोबतच्या पांढऱ्या चटणीत दही घालण्याचा मोह होतो. तो येथे नामंजूर आहे. अर्धी वाटी पांढरे तीळ रंग न बदलता हलके भाजावेत, गरम असतानाच वाटावेत, गरजेपुरते तेल घालून ते मऊसूत करावेत, मग लिंबाचा रस, लसणीची एक पाकळी आणि मीठ घालावे. लिंबू पडताच हे वाटण एकाएकी आवळून गोळा होते. येथे घाबरून ते फेकून देणारे पुष्कळ आहेत. थंड पाणी चमच्याचमच्याने घालत घोटत राहावे, म्हणजे ते पुन्हा सैल होते आणि रंगाने पांढरे होत जाते. पाहुण्यांना हे दह्याचे नाही असे आधी सांगू नये. त्यांचे जेवण झाल्यावर पुतण्या सांगतोच. पिटा पावाच्या जागी लादीपाव चालतो, मात्र त्यात दूध किंवा वरून लोणी आहे काय, हे पाववाल्यास विचारून घ्यावे. कोबी, काकडी, मुळा बारीक चिरून लिंबात मुरवून आत भरावा.

घट्टपणाची अंतिम परीक्षा मात्र आमच्या तालुक्याची स्वतःची आहे. १८६७ साली विरारहून मुंबईकडे पहिली लोकल सुटली, तेव्हा तिला बसायला जागा होती असे म्हणतात. आज सकाळच्या विरार जलद गाडीत वसईस चढणाऱ्या माणसाचा डबा ज्या दाबाखाली अंधेरीपर्यंत जातो, त्यातून जे फलाफल अखंड उतरतात, त्यांच्या मिश्रणाला यापुढे बेसनाची गरज नाही. जे चुरा होऊन उतरतात, त्यांच्या मालकाने कांदा पिळला नव्हता. चुरा पावात भरून खावा व मित्रांना ही मिसरी पद्धत असल्याचे सांगावे.

उरलेले कच्चे मिश्रण झाकून शीतकपाटात ठेवल्यास दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकते. त्यात ज्वारीचे पीठ मिसळून थालीपीठ थापता येते, आणि ते लोण्याबरोबर फार छान लागते, म्हणजे आम्हाला. तेल गाळून वेगळ्या बाटलीत ठेवावे व बाटलीवर चिठ्ठी चिकटवावी. मिक्सरचे भांडे ज्याचे व्रत त्यानेच धुवावे. झाकणाच्या आतली रबराची कडी काढून, तिच्या खाचेत अडकलेली कोथिंबीर व लसूण दातकोरणीने काढावी, कडी धुऊन खिडकीत वाळत घालावी, आणि कामावर जाण्याआधी परत बसवावी. ती तशीच खिडकीत राहिली, की दुसऱ्या दिवशी खोबऱ्याची चटणी भिंतीवर उडते. भिंत पुसणे हे काम कोणाकडे, याचा निवाडा अद्याप प्रलंबित आहे.